बायजाचा वाटा

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता. मी मिशनच्या बोर्डिंगात मास्तर होतो. नव्या पोरांच्या गळ्यातले गंडे-ताईत मी स्वतः कात्रीने कापलेले आहेत. असा माणूस वाचकांच्या गूढ अनुभवांच्या या सदरात लिहायला बसला, कारण वय झालं... आणि बायजा तापाने, शांतपणे गेली असं जे मी सगळ्यांना सांगत आलो, ते खरं नाही.

मानमोडीच्या, म्हणजे एकोणीसशे अठराच्या इन्फ्लुएन्झाच्या, साथीनंतरची गोष्ट. खानदेशात घरंच्या घरं ओस पडली होती. पारोळ्याच्या पलीकडच्या एका खेड्यातून एक चुलता दोन पोरं घेऊन आमच्याकडे पाचोऱ्याला आला. धनजी नऊएक वर्षांचा, बायजा त्याहून बरीच लहान. आई-बाप दोघंही साथीत गेलेले. चुलत्याच्या घरातही खायला नव्हतं.

मुलगे पाचोऱ्याला आणि मुली धुळ्याला, असा मिशनचा नियम होता. बायजाला मीच घेऊन गेलो. चाळीसगावला गाडी बदलली तेव्हा तिने विचारलं, भाऊ कोणत्या डब्यात बसलाय. तो नाताळात येईल, असं मी सांगून टाकलं. तसं काहीच ठरलेलं नव्हतं.

धनजी जेवायला बसला की पानातली कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी मधोमध मोडायचा. अर्ध्या भाकरीवर ठेचा पसरून घडी घालायचा, आणि ती ओसरीच्या कोनाड्यात ठेवून मगच उरलेली खायचा. दुपारी कोनाडा रिकामा असे. कावळे नेत असतील, कुत्रं नेत असेल... कोण बघतंय?

मी मात्र एक दिवस बघितलं, बहिणीसाठी ठेवतो असं पोरांनी सांगितलं, आणि माझं डोकं फिरलं. पितरांना घास काढून ठेवतात तसलंच हे! माझ्या वडिलांनी धर्म बदलल्यावर हे सगळं आमच्या घरातून गेलेलं, म्हणून मला त्याची चीड जास्तच. मी त्याला म्हणालो, "अरे, मेलेल्यांना घालतात तसं जिवंत बहिणीला घालतोस?"

"तिना वाटा शे, मास्तर," एवढंच तो बोलला.

मी त्याला ती भाकरी सगळ्या पोरांसमोर खायला लावली. पुढे रोज दुपारी त्याच्या पानाशी उभा राहू लागलो. शेवटचा तुकडा पोटात गेल्याशिवाय उठू द्यायचो नाही. खोटं कशाला सांगू, मला वाटायचं मी एका रोडक्या पोराला धड जेवू घालतोय. तो गिळायचा, डोळ्यांतून पाणी गळायचं.

थोड्या दिवसांनी मुलींसाठी कापड घेऊन धुळ्याला गेलो. तिथल्या मॅट्रन सगुणाबाई म्हणजे एक विधवा बाई, जीभ तिखट. मला बघताच म्हणाल्या, "या मास्तर. तुमच्या राजकन्येला आमची कांजी चालत नाही बरं का. तिला घरची भाकर लागते."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. बायजा आल्यापासून इथल्या अन्नाला शिवत नव्हती, तरी चांगली हिंडत-फिरत होती. दुपारी बघावं तर ओच्यात कळण्याची अर्धी भाकरी, आत ठेचा. सगुणाबाईंनी स्वयंपाकीण झाडली, फाटकावरचा माणूस झाडला. त्या वर्षी धुळ्याच्या बोर्डिंगात सकाळ-संध्याकाळ तांदळाची कांजीच शिजायची. त्या आवारात कळणा दळलाच जात नव्हता. मग एकाएकी ती भाकरी यायची थांबली आणि पोरीने अंथरूण धरलं. कांजी तोंडात घातली तरी बाहेर टाकायची.

कधी थांबलं, हे मी विचारलं नाही. मला कळलं होतं.

बायजा खाटेवर होती. ओळखू येईना. मला बघून उठायला गेली, जमलं नाही. मग हळूच विचारलं, "भाऊ रुसना का?"

मी सांगायला हवं होतं — नाही गं, मीच देऊ दिलं नाही. पण दारात सगुणाबाई उभ्या होत्या. मास्तर असलं काही खरं मानतो, हे त्यांच्यासमोर कसं बोलू?

मी म्हणालो, "हो. थोडासा."

तिने भिंतीकडे तोंड केलं.

मी मिळेल त्या गाडीने परत आलो. दुपारच्या जेवणात धनजीला म्हणालो, ठेव बाबा तिचा वाटा. त्याने माझ्याकडे पाहिलं. भाकरी मोडली, घडी घातली, कोनाड्यात ठेवली. संध्याकाळी ती तिथेच होती. दुसऱ्या दिवशी दुसरी ठेवली, तीही तिथेच वाळली. कावळासुद्धा शिवला नाही.

"आते ती लेवाव नही, मास्तर," धनजी म्हणाला. आता ती घेणार नव्हती.

धुळ्याहून निरोप आला तेव्हा तो मीच त्याला सांगितला. तो रडला नाही. पुढे मोठा होऊन सुतारकाम शिकला आणि निघून गेला. इतकी वर्षं माझ्यासमोर वावरला, पण तिने शेवटी काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, हे मी त्याला कधीच सांगितलं नाही. आता तो कुठे आहे, आहे की नाही, कुणाला माहीत...

पाचोऱ्याची भाकरी धुळ्याला कशी पोचत होती, याचा मी खूप विचार केला. नाही सांगता येत. कुणाला सुचलं तर जरूर लिहा. पण ती पोर भाऊ रुसला असं समजून गेली, त्यात न समजण्यासारखं काहीच नाही.