न थांबणारी गाडी

"गाडी रस्त्यात अडकत नाही, दारात अडकते."

हे वाक्य माझे भाऊजी उठताबसता म्हणत. दाढी करताना गालाला साबण लावून म्हणत, जेवताना घास हातात धरून म्हणत. माझ्या ताईच्या पायाचे प्लास्टर कापणाऱ्या डॉक्टरलासुद्धा त्यांनी ते ऐकवले. डॉक्टर म्हणाला, "आजोबा, जरा बाजूला सरका." एकतीस वर्षे ज्यांनी अख्ख्या शहराला 'पुढे सरका, पुढे सरका' म्हणत ढकलले, ते भाऊजी निमूटपणे बाजूला सरकले.

ते बसचे कंडक्टर होते. गल्लीत त्यांना खऱ्या नावाने कोणी ओळखत नसे. 'पुढेसरका' हेच त्यांचे नाव. पत्ता विचारत आलेल्या पाहुण्यालाही लोक सांगत, "पुढेसरकांचं घर ना? ते काय, निळ्या खिडकीचं."

वेशीच्या आतले ते शहर आवळलेल्या मुठीसारखे आहे. ज्यांनी ते वसवले त्यांना घोडा माहीत होता, पालखी माहीत होती. बस त्यांच्या स्वप्नातही नव्हती. गल्लीत दोन छत्र्या समोरासमोर आल्या तर एक मिटावी लागते. अशा शहरात त्यातल्या त्यात रुंद असलेल्या एकाच रस्त्याने एक छोटी बस जायची. वेशीपाशी आली की ड्रायव्हर हात बाहेर काढून आरसा आत ओढायचा, भाऊजी खाली उतरून बसच्या पोटावर थाप मारत मारत तिला पुढे घ्यायचे. वेशीचा दगड आणि बसचा पत्रा यांत जेमतेम एका बोटाचे अंतर. त्या दगडावर कमरेच्या उंचीला रंगाचे पट्टे आहेत. लाल, मग पिवळा, मग हिरवा. बसचा रंग जसजसा बदलला, तसतसा दगडही रंगत गेला.

भाऊजींना एका गोष्टीचा फार अभिमान होता. स्वतःसाठी त्यांनी बस कधी थांबवली नाही. शेवटच्या फेरीला घराची गल्ली आली की ड्रायव्हर वेग थोडा कमी करी. भाऊजी पायरीवर येत, तोंड पुढे, अंग मागे, डावा पाय आधी, आणि मग जमिनीवर दोन झपझप पावले. ताई आतून ती दोन पावले ऐकायची आणि ताट घ्यायची. "घंटीपेक्षा तेच बरं ऐकू यायचं," ती म्हणते.

दोन वर्षांपूर्वी ताई उंबऱ्यात घसरली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. दवाखाना वेशीबाहेर, धडधाकट माणसाला वीस मिनिटांची वाट. ॲम्ब्युलन्स वेशीपर्यंत आली आणि तिथेच उभी राहिली. आत सिमेंटचा ट्रक आणि बस एकमेकांसमोर आले होते, आणि दोघांच्या मागे सगळे शहर भोंगे वाजवत होते. शेवटी घरातली हात असलेली खुर्ची बाहेर काढली, तिला दोन बांबू बांधले आणि चौघांनी ताईला उचलले. एक तास पन्नास मिनिटे लागली. हाड जुळले, पण पाय दोन बोटे आखूड राहिला.

मी आठ दिवसांसाठी म्हणून गावाहून आलो होतो. अजून तिथेच आहे.

दर मंगळवारी ताईला दवाखान्यात न्यावे लागते. बसच्या तीन पायऱ्या तिला चढवत नाहीत, म्हणून खुर्ची. पुढे भाऊजी आणि मी, मागे शेजारचा शिंपी आणि समोरचा कुलूपवाला. चौघांतला एक कमी पडला तर खुर्ची हलत नाही. तिघांनी एकदा करून पाहिले आणि ताई भाजीच्या टोपलीत जाता जाता वाचली. शिंपी म्हणाला होता, "वहिनी, तुमचं माप घेतो एकदा. वजन कुठे कमी करता येतं बघू." ताई म्हणाली, "आधी तुमची जीभ कापा, मग माझं माप घ्या."

पण शिंप्यालाही आता दम लागतो. आणि ताईची मुलगी, म्हणजे माझी भाची, बाहेरच्या नव्या वस्तीत चौथ्या मजल्यावर राहते. तिने एक दिवस सरळच सांगितले, "आई, बाबा, पुरे झालं. नव्या वर्षाच्या पहिल्या तारखेला टेम्पो घेऊन येते. घर बंद करू."

"आणि मी तिथं कोणाशी बोलू?" ताई म्हणाली. "कबुतरांशी?"

"आई, तिथे लिफ्ट आहे."

"लिफ्टशी बोलू?"

भाची रडवेली झाली. तिचेही चुकत नव्हते. मागच्या वेळी एक तास पन्नास मिनिटे लागली. पुढच्या वेळी तेवढा वेळ मिळेलच असे कोण सांगणार? पण ताई त्या निळ्या खिडकीत त्रेचाळीस वर्षे बसली आहे. गल्लीतली निम्मी लग्ने त्या खिडकीतून जमली आणि निम्मी भांडणे तिथेच मिटली. तिला तिथून उचलणे म्हणजे काय, हे आम्हाला सगळ्यांना कळत होते.

शेवटी भाऊजी म्हणाले, "पहिल्या तारखेच्या आत हिच्या दारात गाडी आणतो. आणली, तर ही इथेच राहील. नाही आणली, तर टेम्पो घेऊन ये."

"बाबा, टेम्पोपण गल्लीच्या तोंडापर्यंतच येतो," भाची म्हणाली. पण ती कबूल झाली.

त्याच सुमारास नगरपालिकेने सभा सुरू केल्या. वेशीचे दगड हलू लागले होते, म्हणून वर्षअखेरीला बस बंद होणार होती. तिच्या जागी काय आणायचे, हे लोकांनीच सुचवावे असे ठरले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, सकाळी दहाला. वर जायला बावीस पायऱ्या. लोकांनी कशी ये-जा करावी याची चर्चा अशा जागी, की जिला जाता-येता येत नाही ती ताई एकाही सभेला येऊ शकली नाही. तेव्हा त्यावर आम्ही हसलो होतो.

सभा मात्र रंगायच्या. एका निवृत्त मास्तरांनी छपरांवरून दोरीचे पाळणे न्यायचे सुचवले. खांब कुठे रोवायचे, हेही त्यांनी नकाशावर दाखवले. मागून एक बाई उठली. "म्हणजे मी गच्चीत कपडे वाळत घालणार, आणि तुमचे पाहुणे डोक्यावरून बघत जाणार?" पाळणे तिथेच खाली आले. कोणी म्हणाले, खंदकात पाणी सोडून होड्या चालवा. खंदकात काय काय पडले आहे याची यादी कुलूपवाल्याने उभे राहून सांगितली, त्यात त्याची जुनी सायकलही होती. कोणी भुयार म्हणाले. त्यावर नगरपालिकेच्या इंजिनीअरबाई शांतपणे म्हणाल्या, "इथे हातभर खणलं की खाली आणखी एक शहर लागतं. मग ब्रश घेऊन पुरातत्त्वाची माणसं येतात आणि दहा वर्षं जात नाहीत." शिंपी म्हणाला, "खेचरं आणा. निदान भोंगा तरी वाजवत नाहीत." त्याची सूचना अध्यक्षांनी गंभीरपणे लिहून घेतली.

चौथ्या सभेत भाऊजी उठले. त्यांच्या हातात जुन्या वे-बिलांचा, म्हणजे फेरीच्या तिकीट-हिशोबाच्या कागदांचा, गठ्ठा होता. वे-बिलांच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी एकतीस वर्षे एकच गोष्ट टिपली होती. कोणत्या थांब्यावर बस किती वेळ उभी राहिली, आणि का.

"वेशीपासून वेशीपर्यंत एक तास दोन मिनिटं," ते म्हणाले. "त्यात चाकं फिरतात एकोणीस मिनिटं. बाकी वेळ गाडी उभी. म्हातारी उतरते, गाडी उभी. पिंप चढतं, गाडी उभी. आणि ती उभी, म्हणून मागचं सगळं शहर उभं. गाडी रस्त्यात अडकत नाही, दारात अडकते. मग दारच नको. थांबाच नको."

त्यांची गाडी अशी होती. जमिनीपासून चार बोटे उंच, सपाट फळ्यांच्या छोट्या गाड्या, माळेसारख्या एकापाठोपाठ एक, विजेवर, सगळ्या शहराला गोल फिरणाऱ्या. वेग माणसाच्या चालीइतका. त्या कधीच थांबायच्या नाहीत. चालता चालता पाय ठेवायचा, चालता चालता उतरायचे.

"पायरी नाही," भाऊजी म्हणाले. "चार बोटं. माझ्या बायकोला बसच्या तीन पायऱ्या चढवत नाहीत. चार बोटं चढवतील."

सभागृहात कोणी हसले नाही. इंजिनीअरबाईंनी वे-बिले मागून घेतली आणि पुढच्या सभेला परत आणली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांखाली काळे झाले होते. "सगळं तपासलं," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे. इतकं बरोबर काम आमच्या खात्यात कोणी केलं नाही. प्रयोग करून बघू. जमला, तर अहवालात पहिलं नाव यांचं."

घरी येऊन भाऊजींनी ताईला सांगितले. खिडकीच्या चौकटीवरून तिने नुसता हात फिरवला, जसा आपण परतलेल्या जनावराच्या पाठीवरून फिरवतो.

प्रयोग अग्निशमन केंद्राच्या आवारात ठरला. जमीन सपाट, पायरी एकही नाही. बाजारातल्या चार ढकलगाड्यांना छोटी चाके लावून त्या जमिनीलगत आणल्या, दोरांनी एकमेकींना जोडल्या, आणि पुढे दोन हमाल ओढायला. त्या दिवशी आम्ही ताईला खुर्चीतून आणले. वाटेत शिंपी म्हणाला, "वहिनी, ही शेवटची खेप हं. पुढच्या मंगळवारी तुम्ही आमच्या अंगावरून गाडीतून जाणार."

"तुमच्या अंगावरून गेले, तर गाडी उडेल," ताई म्हणाली. ती खूप दिवसांनी हसत होती. तिने चांगले पातळ नेसले होते.

हमालांनी दोर खांद्यावर घेतला. माळ चालू लागली. आधी भाऊजींनी स्वतः करून दाखवले. तोंड पुढे, अंग मागे, डावा पाय आधी. आवारातल्या अग्निशमनवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मी चढलो. मास्तर चढले, कपडे वाळत घालणारी बाई चढली, उतरली, पुन्हा चढली. इंजिनीअरबाई घड्याळ धरून उभ्या होत्या. त्यांची मान समाधानाने हलत होती.

मग त्या म्हणाल्या, "आता काकूंना चढू द्या."

आम्ही ताईला उभे केले. एका हातात काठी, दुसरा हात माझ्या खांद्यावर. पहिली गाडी आली. ताईने आखूड पाय उचलला. तो खाली येईपर्यंत फळी पुढे गेली होती.

"असू दे, दुसरी येतेय," भाऊजी म्हणाले.

दुसरी आली. या वेळी तिने काठी आधी ठेवली. गाडी काठी घेऊन गेली. ताई माझ्या अंगावर कलली. मी तिला धरले आणि कुलूपवाला काठीमागे धावला.

"अगं, पाय टाक! नुसता टाक. डावा आधी," भाऊजी म्हणाले. मग त्यांच्या तोंडून नकळत तो जुना आवाज निघाला, "चला, चला, पुढे सरका!"

"अहो, मी टाकतेय," ताई म्हणाली. "ती राहतेय कुठे?"

तिसरी गाडी आली. ताईचा पाय फळीच्या कडेला लागला. धड वर नाही, धड खाली नाही. तिने माझा खांदा इतका घट्ट धरला की नंतर चार दिवस तिथे वळ होता. भाऊजींनी पाहिले, आणि त्यांचा हात आपसूक डोक्याच्या वर गेला. बसमध्ये घंटीची दोरी जिथे असायची, तिथे. तिथे काहीच नव्हते.

"थांब!" ते ओरडले.

हमाल थांबले. तिसरी गाडी थांबली. चौथी मागून येऊन तिच्यावर आपटली, आणि चौथीवर उभे असलेले मास्तर गुडघ्यावर बसले. कोणीतरी हसले. सगळे आवार उभे राहिले.

ताई थांबलेल्या गाडीवर सहज चढली. चार बोटेच तर होती.

इंजिनीअरबाईंनी घड्याळाकडे पाहिले, मग भाऊजींकडे. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "काका, थांबवावी लागली तर मग..." आणि वाक्य त्यांनी तिथेच सोडले. पुढचे वाक्य भाऊजींचेच होते, ती उभी, म्हणून मागचं सगळं शहर उभं. शहरातल्या प्रत्येक म्हातारीचा, प्रत्येक पिंपाचा वेळ त्यांनी टिपला होता. चालत्या गाडीवर चढणे हे त्यांच्या पायांना इतके मुरले होते, की ते सगळ्यांच्याच पायांत असते असे त्यांनी धरले. आणि ज्या एका माणसासाठी गाडी बांधली, त्या माणसाला त्यांनी दोन वर्षांत कशावर चढताना नव्हे, फक्त खुर्चीत बसलेले पाहिले होते.

"हाताला धरून चढवायला माणूस ठेवला तर?" शिंपी म्हणाला. या वेळी तो थट्टा करत नव्हता. "मी उभा राहीन."

"तरी गाडी थांबवावीच लागेल," भाऊजी म्हणाले.

"अहो, राहू द्या," ताई गाडीवरून म्हणाली. "चौथा मजला काही वाईट नाही. तिथून वेस दिसते म्हणतात."

आम्ही तिला उतरवून खुर्चीत बसवले. इंजिनीअरबाईंनी वे-बिलांचा गठ्ठा भाऊजींच्या हातात दिला. दोन्ही हातांनी दिला. भाऊजींनी तो काखेत धरला, सुतळी सुटली होती ती तशीच लोंबत राहिली. त्यांनी ताईकडे एकदा पाहिले. मग ते वळले आणि आवाराच्या फाटकाकडे चालू लागले.

ते पळाले नाहीत, रेंगाळलेही नाहीत. माळेला त्यांनी जो वेग दिला होता, नेमक्या त्याच वेगाने ते चालत होते.

"भाऊजी!" मी हाक मारली. ते थांबले नाहीत.

खुर्चीच्या मागच्या दोन टोकांना शिंपी आणि कुलूपवाला वाकून उभे होते. पुढच्या एका टोकाला मी. बांबूचे चौथे टोक, भाऊजींचे, जमिनीवर टेकलेले होते. तिघांनी ती उचलत नाही, हे आम्हाला माहीत होते, म्हणून आम्ही उचलली नाही. ताई खुर्चीत ताठ बसली होती, काठी मांडीवर आडवी. फाटकातून भाऊजींचा पांढरा शर्ट बाहेर पडला, रस्त्यावरच्या अडकलेल्या गाड्यांमधून वाट काढत गेला. ताई मान लांब करून तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली, आणि दिसेनासा झाल्यावरही.