आतून उघडणारी खिडकी

सोनईत कुणाच्या घराला लोखंडी ग्रिल बसवायचं निघालं की लोक कमरुद्दीनचं नाव घेतात, आणि लगेच पुढं सांगतात, "काम एक नंबर करतो, पन तोंडाचा लई फटकळ हाय बाबा!" खोटं कशाला बोला, आहेच तो फटकळ. घोडेगाव रस्त्याला त्याचं पत्र्याचं शेड आहे. तिथं येऊन एखादं गिऱ्हाईक म्हणालं की, "सगळ्या खिडक्यांना गज पक्के मारा, उघडनारं काय नको," की हा हातातलं काम खाली ठेवायचा.

"घर बांधताय का तुरुंग? आग लागली तर पोरंबाळं कुठून काढनार? स्लॅब फोडून?"

अर्धी गिऱ्हाइकं दुसरीकडं जायची. जाऊ देत. कमरुद्दीनला त्याचं काही वाटायचं नाही, कारण हा राग उगाच नव्हता. बेलापूरला दिलेल्या बहिणीच्या घराला त्यानं तरुणपणी मोठ्या हौसेनं ग्रिलं करून दिली होती, सगळी भिंतीत पक्की. एका दुपारी फ्रीज पेटला, दाराच्या बाजूला धूर कोंडला, आणि बहीण भावानं केलेले गज धरून ओरडत राहिली. शेजाऱ्यांनी पहारीनं चौकट उखडून तिला बाहेर ओढली. जीव वाचला, पण धुरानं छाती कायमची अधू झाली. आजही चार पायऱ्या चढली की ती भिंतीला टेकते, आणि कमरुद्दीनला तिच्याकडं बघवत नाही.

तेव्हापासून त्यानं स्वतःचा खटका बनवला. ग्रिलचा एक भाग बिजागरीवर उघडणारा. आतल्या बाजूला एक दांडा. दांडा खाली दाबून ओढला की वरचा आणि खालचा असे दोन्ही बोल्ट एकदम सुटतात. बाहेरून हात घातला तर मध्ये पत्रा आडवा येतो, त्यामुळं चोराचा हात दांड्यापर्यंत पोचत नाही. चावी नाही, कुलूप नाही. आतल्या माणसाला अंधारातसुद्धा उघडता यावं, एवढंच त्याचं म्हणणं.

त्याची आणखी एक तऱ्हा होती. ग्रिल बसवून झालं की घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला बोलवायचं आणि त्याच्या हातानं खटका उघडून घ्यायचा. ते जमल्याशिवाय हा हत्यारं आवरत नसे. सहादेवच्या नव्या घरी ही पाळी त्याच्या आईची, गोजरबाईची आली.

सहादेवचं सोनईत खता-औषधांचं दुकान. तो आणि त्याची बायको पंकजा दिवसभर दुकानात, घरी म्हातारी एकटी. गोजरबाईनं आयुष्यभर म्हशी सांभाळल्या होत्या. तिनं पदर खोचला, दांडा दाबला आणि ग्रिल सताड उघडलं.

"अगं बया! ह्ये तर दावं सोडल्यावानी सुटलं की!" म्हणून ती हसली आणि कमरुद्दीनला चहा पाजला.

काही महिन्यांनी कमरुद्दीन त्या गल्लीतून चालला होता. सवयीनं त्यानं आपल्या कामाकडं नजर टाकली आणि जागीच थांबला. त्याच्या खटक्याच्या दांड्याला भोक पाडलं होतं आणि त्या भोकातून गजाला अडकवलेलं भलंमोठं कुलूप पत्र्याखाली लटकत होतं. तळपायाची आग मस्तकात गेली त्याच्या. तडक दुकान गाठलं आणि गिऱ्हाइकांसमोरच सुरू झाला.

"सहादेवराव, माझ्या खटक्याला कुलूप कुनी घातलं?"

"मी घातलं. चोऱ्या लई वाढल्यात, कमूभाई."

"कुलूप आतल्या अंगाला हाय! चोर काय आतून येतोय व्हय?"

पंकजा उठून मागच्या खोलीत गेली. सहादेवनं कमरुद्दीनला दुकानाबाहेर नेलं आणि आवाज उतरवून सांगितलं, "आई ऐकत न्हाई. कुनाला न सांगता घोडेगावच्या बाजारात जाती, म्हशींच्या दावनीत हिंडती. या वयात पडली-झडली तर? आन लोक काय म्हनतील, ल्योक सांभाळत न्हाई? म्हनून जाताना दाराला बाहेरून कुलूप लावत हुतो. तर ती तुमचा खटका उघडून खिडकीतनं उतरली! अख्ख्या गल्लीनं बघितलं."

म्हणजे हे कुलूप चोरासाठी नव्हतंच. जिनं आपल्या हातानं खटका उघडून दाखवला, तिलाच कोंडायला त्याचं ग्रिल कामी आलं होतं. आपले गज पुन्हा एका बाईच्या वाट्याला आले, या विचारानं त्याचं डोकं सणकलं.

"उघड ते कुलूप," तो म्हणाला. अहो-जाहो कधी सुटलं ते त्यालाही कळलं नाही.

"आमच्या घरातलं तुमी बघू नका," सहादेव म्हणाला. "तुमचं काम झालं, विषय संपला."

विषय संपला म्हणे! माणूस कोंडायचा आणि वर विषय संपला! त्या रात्री कमरुद्दीन जेवला नाही. बायको बद्रुन्निसा म्हणाली, "दुसऱ्याच्या घराची भांडनं आपल्याला पचायची न्हाईत." आणि सकाळी त्यानं ग्राइंडर उचलला तेव्हा तीच म्हणाली, "वायर लांब घेऊन जा."

सहादेव आणि पंकजा दुकानात गेल्यावर तो त्या गल्लीत आला. शेजारच्या धनश्रीच्या घरातून वायर ओढली आणि खिडकीशी उभा राहिला. गल्लीतले लोक गोळा झाले. आत गोजरबाई पलंगावर बसली होती.

"काकू, जरा लांब सरा. कुलूप कापतो."

"थांब," गोजरबाई म्हणाली. ती उठून गजांपाशी आली. "ह्या हातांनी म्हशी धुतल्या, धारा काढल्या, त्याला शिकिवला, हे घर उभं केलं. आन मी काय बाजारातली म्हैस हाय का, दावनीला बांधायला? त्या दिशी खिडकीतनं गेल्ते, पन माझी मलाच लाज वाटली. घर माझं हाय, कमू. मी चोरावानी खिडकीतनं न्हाई जायाची. त्याला बोलीव. दार उघड म्हनावं, दार!"

कमरुद्दीननं ग्राइंडर खाली ठेवला. निरोप सांगायची गरजच पडली नाही. गल्लीतल्या कुणीतरी आधीच फोन केला होता, आणि सहादेव मोटारसायकल उडवत आला. दाराचं कुलूप काढलं, चाव्यांच्या जुडग्यासकट ते कोयंड्याला तसंच अडकवलं आणि तो आत धावला. दारातच आई उभी होती, पण तिच्याकडं त्यानं ढुंकूनही बघितलं नाही. त्याला बघायचं होतं खिडकीचं कुलूप. ते शाबूत आहे का!

गोजरबाई शांतपणे बाहेर आली. पायांत चपला सरकवल्या. दार ओढून घेतलं, कडी घातली, कुलूप दाबलं आणि जुडगा कनवटीला खोवला.

"मी बाजारातनं जाऊन येते," ती म्हणाली. "पडले-झडले तर बाजारात मानसं हायेत उचलायला."

आणि गेलीसुद्धा, काळीपिवळी जीपमध्ये बसून. गल्लीत एकच हशा उसळला. सहादेव आतून दार बडवू लागला, मग खिडकीशी आला. मागच्या दाराची आणि खिडकीच्या कुलपाची चावीही त्याच जुडग्यात होती. फोन खिशात होता, पण करणार कुणाला आणि सांगणार काय, आईनं कोंडलं म्हणून?

"कमूभाई, कापा ना ते कुलूप!"

"तुमच्या घरातलं मी कशाला बघू?" कमरुद्दीन म्हणाला. "तुमीच सांगितलंय."

बघे हळूहळू पांगले. ऊन चढलं. कमरुद्दीन मात्र खिडकीखालच्या ओट्यावर बसला तो उठलाच नाही. ग्राइंडर शेजारी, वायर तशीच जोडलेली. शेडवर गिऱ्हाईक थांबल्याचा निरोप आला, तरी हलला नाही. आत सहादेवनं हाका मारून पाहिल्या, रागावून पाहिलं, शेवटी गज धरून उभा राहिला. त्याचा हात आपोआप दांड्याकडं गेला. दांडा जरासा हलला आणि कुलपानं अडला.

मग त्यानं विचारलं, "कापत न्हाई म्हनता, मग बसलाय कशाला?"

"आत मानूस हाय म्हनून," कमरुद्दीन उसळून म्हणाला. "गॅस हाय, वायरी हायेत, घर हाय. आग लागली तर एका मिनटात कुलूप कापायला कुनीतरी नको का हितं? तुझ्या आईसाठी कोन बसत हुतं रं इतके दिस?"

सहादेवनं गज सोडले आणि तिथंच खाली बसला. खिडकीतून तो आता दिसेना.

उन्हं कलायच्या आधी गोजरबाई परत आली. चपलांना बाजाराचं शेण लागलं होतं, हातात भत्त्याचा, चुरमुरे-फरसाणाचा पुडा होता. कनवटीचा जुडगा काढून तिनं दार उघडलं. सहादेव दारात आला, पण त्याला वर बघवेना. गोजरबाईनं पुडा त्याच्या हातात दिला.

"सकाळधरनं उपाशी आसशील," ती म्हणाली. "हात धू, भाकरी टाकते."

जुडगा मात्र तिनं परत कनवटीलाच खोवला.