दाजींची हिरवी रेघ

पृथ्वी गोल आहे हे आमच्या दाजींना कोणी सांगितलं नसावं, नाहीतर त्यांनी ती केव्हाच ठोकून सरळ केली असती. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गाव केंदूर, नोकरी रांजणगावच्या एका कंपनीत, खातं क्वालिटीचं. दिवसभर लोखंडाचे तुकडे डोळ्यासमोर धरायचे, डावा डोळा मिटायचा आणि वाकडा निघाला की लाल खोक्यात टाकायचा, या कामाचा त्यांना पगार मिळे. वाईट एवढंच, की पगार आठ तासांचा होता आणि दाजी हे काम चोवीस तास करत. कोणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवरचा फोटो सरळ करायचे, मग पाणी प्यायचे. आमच्या चुलतबहिणीच्या लग्नात पंगत तिरकी बसली म्हणून त्यांनी वरणभात वाढून झाल्यावर चाळीस माणसं उठवली, सुतळी ताणली आणि पुन्हा बसवली. त्यातला एक म्हातारा शेवटपर्यंत उठला नाही. दाजींनी मग म्हाताऱ्याच्या हिशेबानं बाकीची एकोणचाळीस माणसं हलवली. आक्का, म्हणजे माझी बहीण, सांगते की सुरुवातीला ते तिची भाकरीसुद्धा डोळा मिटून बघायचे. तिनं एकदा पिठाचा हात तसाच कमरेवर ठेवून विचारलं, "लाल खोक्यात टाकायची का?" तेव्हापासून भाकरी तेवढी सुटली.

पण एक वाकडी गोष्ट त्यांना सरळ करता येत नव्हती. ती त्यांच्याच रानात होती. दाजी आणि त्यांचे थोरले भाऊ आप्पा, दोघांच्या वाट्यांमधला बांध. वडलांनी वाटणी केली तेव्हा दोन टोकांना दोन दगड पुरले आणि मधे मातीचा बांध घातला. पुढं हा बांध मधेच असा काही वळला, की आप्पा म्हणायचे धाकट्यानं कोरला आणि दाजी म्हणायचे थोरल्यानं कोरला. आमच्याकडं बांध कोरणं म्हणजे दर नांगरटीला शेजाऱ्याचं वीतभर रान हळूच आपल्यात ओढणं. खून पचेल, पण हे पचत नाही. सरकारी मोजणी आणावी, तर सख्ख्या भावावर मोजणी आणली असं गाव म्हणणार. त्यामुळं दोघांनी सोपा मार्ग पत्करला. बोलणं बंद. सहा वर्षं. घरं रानातच, एकमेकांना लागून, पण आप्पांना काही सांगायचं असलं तर दाजी म्हशीला सांगायचे, आणि आप्पा ते पलीकडून ऐकायचे.

अशात आप्पांच्या मुलीचं लग्न ठरलं. ही पोरगी आक्काच्या कडेवर वाढलेली. आप्पांनी पत्रिकेत निमंत्रक म्हणून दाजींचं नाव छापलं, पण पत्रिका द्यायला स्वतः आले नाहीत, पोरीला पाठवलं. दाजींनी पत्रिका वाचली, कडा जुळतात का ते बघितलं आणि जाहीर केलं, "बांध सरळ झाल्याबिगर मी त्या मांडवात पाय ठेवणार न्हाई." आक्का म्हणाली, "मी जाणार. आन् तुम्ही आला न्हाईत, तर परत आल्यावर मी बी म्हशीलाच सांगंन काय सांगायचं ते." एवढं बोलून ती माहेरी आमच्याकडं दौंडला निघून आली. दोन दिवसांनी दाजी तिला न्यायला आले, आणि मला घेऊन सहज म्हणून स्टेशनच्या पुलावर फिरायला गेले. तिथंच त्यांना तो लेझर भेटला.

पुलावर एक उत्तरेकडचा विक्रेता मोबाईलची कव्हरं, कुलपं, कंगवे घेऊन बसायचा. त्या दिवशी त्याच्याकडं बोटाएवढ्या काळ्या नळ्या होत्या. बटण दाबलं की हिरवा उजेड निघे आणि पार मालधक्क्याच्या भिंतीवर ठिपका उमटे. किंमत अशी की रविवारी मटण आणलं नाही तर भागावी. "साहब, पाँच किलोमीटर जाएगा," तो म्हणाला. दाजींना किलोमीटरशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी विचारलं, "सीधा जाता है क्या?" त्या माणसानं दाजींकडं असं बघितलं, की हा प्रश्न त्याच्या धंद्यात आजवर कोणी विचारला नसावा. "साहब, लाइट है. टेढ़ी कैसे जाएगी?"

दाजींच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी त्यांच्या लग्नातसुद्धा बघितला नव्हता. पण क्वालिटीचा माणूस, एकदम कसा घेईल? त्यांनी एकेक नळी त्याच्याच पाटीवर गोल फिरवून बघितली. नळी फिरवताना समोरचा ठिपका जागचा हलला की माल रिजेक्ट. चौदा नळ्या रिजेक्ट झाल्या. विक्रेता हात जोडून म्हणाला, "साहब, आप फ़्री में ले जाओ, पर जाओ." पंधरावी पास झाली. दाजींनी पैसे पूर्ण दिले आणि वर त्याचे कंगवे एका ओळीत लावून दिले.

घरी आल्यावर गच्चीवरून नमुना दाखवायचं ठरलं. माझे वडील रेल्वेत पॉइंट्समन होते, नुकतेच रिटायर झाले होते. जावयानं हिरवा झोत रुळांच्या दिशेनं वळवलेला बघताच ते खुर्चीतून उठले, दाजींचा हात धरला आणि जावयाचा मान सांभाळून म्हणाले, "पाव्हणं, या गावात हिरवा दिवा दाखवायचा हक्क रेल्वेला हाय. तुम्ही तुमच्या केंदुरात दाखवा." मग डोळ्यात मारू नये, गाडीवर मारू नये, असं त्यांना शाळेतल्या पोरासारखं दोनदा म्हणायला लावलं. दाजींनी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दाजी, आक्का, मी आणि लेझर, चौघं केंदूरला गेलो. बेत असा, की दिवेलागणीला दोन्ही दगडांपाशी एकेक पहार रोवायची, एका पहारीला सायकलच्या ट्यूबनं लेझर बांधायचा, दुसरीला पांढरं पोतं अडकवायचं, आणि ठिपका पोत्यावर पडला की मधल्या रेघेखालून मी चुन्याची फक्की टाकत जायचं. बटण दाबून राहावं म्हणून आक्काच्या दोरीवरचा कपड्याचा चिमटा लावला. "उद्या सकाळी सारं गाव बघंल, मेव्हणं," दाजी म्हणाले, "कुणी कुणाचं खाल्लंय ते." हवेत नांगरटीची धूळ होती, त्यामुळं चिमटा लावताच या दगडापासून त्या दगडापर्यंत हिरवी तार ताणल्यासारखी रेघ दिसली. खरं सांगतो, मीसुद्धा दोन मिनिटं फक्की विसरलो.

मग चालू लागलो. दहा पावलं रेघ बांधावरून गेली. पुढं बांध वळला, पण रेघ कशाला वळेल? ती बांध सोडून आमच्या हरभऱ्यावरून गेली. दाजींच्या हरभऱ्याच्या तीन ओळी रेघेच्या पलीकडं, आप्पांच्या बाजूला राहिल्या. मी थांबलो. मागून दाजी आले, डावा डोळा मिटून त्यांनी रेघ बघितली, मग उजवा मिटून बघितली, मग दोन्ही उघडे ठेवून बघितली. तेव्हा उमगलं, दरवर्षी औत धरताना बांध जरा तिरका दिसतोय म्हणून ते डावा डोळा मिटून तो सरळ करत आले होते. एका डोळ्यानं. सहा वर्षं. आणि बांध कोरला म्हणून भावाशी बोलत नव्हते.

आता इथं मी आणि ते, दोघंच. दोन्ही पहारी दोन-दोन हात सरकवल्या असत्या, तर रेघ मुकाट्यानं हरभऱ्यापलीकडं गेली असती. दाजी पहारीपाशी गेले, चिमटा काढला. अंधूक उजेडात बांध पुन्हा होता तसा झाला. मला वाटलं, झालं, संपलं. दाजींनी नळी सदऱ्याच्या टोकाला पुसली, चिमटा परत होता तसा लावला आणि आप्पांच्या घराकडं तोंड करून हाक मारली, "आप्पा, जरा हिकडं या. म्हशीला न्हाई, तुम्हाला म्हणतोय."

आप्पा आले. रेघ बघितली, हरभरा बघितला. दाजी मान खाली घालून उभे. आप्पा म्हणाले, "आधी त्यो दिवा बंद कर. माझ्या बैलाच्या डोळ्यात जायचा." मग एक घाटा तोडून दाताखाली फोडत, "पेरलाय तू, काढ तूच. पुढच्या पेरणीला बघू."

"न्हाई," दाजी म्हणाले, "आत्ताच."

आणि त्यांनी त्या तीन ओळी स्वतः उपटल्या. घाटे भरले होते. आप्पांनी काडी ओढली, तिथंच हुळा भाजला, आणि आम्ही हातातोंडाला काळं लावत खाल्ला. आक्का आणि तिची जाऊ मीठ घेऊन आल्या आणि उगाच डोळ्याला पदर लावू लागल्या. धूर म्हणे. लग्नात दाजींनी मांडवाचे सगळे खांब ओळंबा लावून घेतले आणि पाठवणीला पुतणीला धरून असे रडले, की फेटा पार वाकडा झाला तरी त्यांना कळलं नाही.

लेझर महिन्याभरात मेला. स्वस्तातला माल तो. आप्पांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मागच्या हिवाळ्यात केंदूरला गेलो होतो, दाजींबरोबर रानात बसलो होतो. बांध परत वळलेला, पण या खेपेला उलटा, दाजींच्या बाजूला. आप्पांचं रान आता दाजींच्या वहिनी वाट्यानं देतात, आणि दाजी दर नांगरटीला एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, पलीकडं सोडत आलेत. मी म्हटलं, "दाजी, बांध वाकडा झालाय."

"दिसतंय मला," ते म्हणाले. "सहा वर्षं वापरलंय त्यांचं. तेवढी वर्षं त्यांच्याकडं राहू दे."

मी बोटांवर मोजलं. सहा केव्हाच होऊन गेली होती. दाजींनी सवयीनं डावा डोळा मिटला, बांध या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला, आणि सरळ करायला काही उठले नाहीत.