टेस्टरकाकांचा पासपोर्ट

आमच्या धाकट्या काकांना सगळी गल्ली टेस्टरकाका म्हणते. ते इलेक्ट्रिशियन आहेत आणि शर्टाच्या खिशात कायम टेस्टर असतो, हे झालं एक कारण. दुसरं म्हणजे ते माणसांनाही तपासल्याशिवाय हात लावत नाहीत. दूधवाला हसला की "आज का हसला?" फोनवर कुणी गोड बोललं की "काय विकायचंय?"

इथली बांधकामं थंडावली, तसं काकांनी परदेशात जायचं मनावर घेतलं. नव्या इस्पितळाच्या कामावर अनुभवी इलेक्ट्रिशियन हवेत, अशी जाहिरात काकूने वाचून दाखवली. काकांनी तो कागद उजेडात धरून मागच्या बाजूनेही बघितला.

"एवढं चांगलं आहे, तर हे एजंट स्वतः का जात नाहीत?"

"त्यांना वायर जोडता येत नाही म्हणून," काकू म्हणाली. मग ती कढईकडे वळली. टोमणे ती भांड्यांना मारते, म्हणजे भांडण होत नाही. "नोकरी घर शोधत आली तरी हे आधी तिची चौकशी करतील गं बाई."

एजंटकडे काकांनी मला बरोबर नेलं. साक्षीदार म्हणून. झेरॉक्सच्या दुकानावर त्याचं ऑफिस. एजंट असा बोलायचा, की जणू प्रत्येक शब्द आधी तोंडात घोळवून मऊ करतोय. "निश्चिंत राहा, काका. अगदी निश्चिंत." हे मी घरी करून दाखवते तेव्हा काकूला ठसका लागतो. काका मात्र प्रत्येक 'निश्चिंत'ला खुर्ची जरा मागे सरकवत होते.

नोकरीची परीक्षा तिथेच होती: एका फळीवर जिन्याच्या दिव्याची जोडणी करायची. दिवा एक, बटणं दोन, खालूनही लागला पाहिजे आणि वरूनही. परदेशातले एक इंजिनिअर लॅपटॉपवरून बघत होते.

"फळीचा मेन बंद आहे, करा सुरू," एजंटचा असिस्टंट म्हणाला.

"कुणी बंद केला?"

"मीच."

"तुम्ही तर इथे उभे. मेनजवळ आत्ता कोण आहे?"

एवढं विचारून काका बाहेरच्या पॅसेजमधल्या बोर्डापाशी पोचलेही. कामाला हात घालायच्या आधी फ्यूज उपटून स्वतःच्या खिशात टाकायचा, ही त्यांची जुनी रीत. ते शिडीवर असताना एकदा कुणीतरी मदत म्हणून लाईट चालू करून दिली होती, तेव्हापासूनची. पण या बोर्डावर कुठला फ्यूज कशाचा, ते लिहिलेलंच नव्हतं. काकांनी सगळे काढले.

पंखे थांबले. खालून झेरॉक्सवाला ओरडला. इंटरनेट गेलं आणि लॅपटॉपवरचे इंजिनिअर उघड्या तोंडाने तसेच थिजले. एजंटचा मऊपणा पार उतरला.

"अहो, तुम्ही माझं अख्खं ऑफिस खिशात घातलंत!"

"देतो की परत. काम होऊ द्या."

खिडकीच्या उजेडात त्यांनी निवांत जोडणी केली, फ्यूज परत बसवले. दिवा दोन्ही बटणांनी लागला. इंजिनिअरांचं तोंड मिटलं. काय झालं होतं, असं त्यांनी विचारलं. एजंट म्हणाला, "किरकोळ बिघाड."

"बिघाड नाही. फ्यूज माझ्या खिशात होते," काका म्हणाले. "तसंच सांगा त्यांना."

एजंटने नाइलाजाने सांगितलं. तेव्हा इंजिनिअरांनी खिशातून एक किल्ली काढून दाखवली. तिकडे मेनला कुलूप लावतात आणि किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात असते म्हणे. यांना पाठवा, एवढं बोलून त्यांनी कॉल बंद केला.

मला नाचावंसं वाटत होतं. काका माझ्या कानात म्हणाले, "इतक्या लवकर पास कसा केला?"

एजंट पुन्हा मऊ झाला होता. "आता पासपोर्ट ठेवून जा. व्हिसाचा अर्ज भरायची मुदत आजचीच आहे. निश्चिंत..."

"मी पण येतो भरायला."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर आहे. रस्त्यावर नाही."

"मग जागा दुसऱ्याला जाईल, काका. बाहेर माणसं बसलीत."

बसली होतीच. पिशव्या मांडीवर, पासपोर्ट हातात तयार. काका त्यांच्याकडे बघत राहिले. इथे काम नव्हतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? तरीही ते उठले आणि दाराकडे चालायला लागले. ते जिन्यापर्यंत गेले, तेव्हा कुठे एजंटने हाक मारली. इंजिनिअरांना हाच माणूस हवा होता, त्याचाही इलाज नव्हता.

रिक्षात काका एजंटच्या आणि माझ्या मध्ये बसले, पासपोर्ट दोन्ही हातांत.

व्हिसाच्या खिडकीतल्या बाईंनी पासपोर्टचं एक टोक धरलं. दुसरं काकांनी सोडलंच नाही.

"सोडा, काका."

"परत कधी?"

"पावतीवर आहे."

"पावती कुठंय?"

"सोडलात की देते."

"द्या, मग सोडतो."

मागची रांग कुरकुरायला लागली. बाईंनी काकांकडे बघितलं, मग गळ्यातलं ओळखपत्र काढून काचेला लावलं. काकांनी फोटो बघितला, बाईंचा चेहरा बघितला, पुन्हा फोटो बघितला. आणि सोडला.

परत येताना रिक्षात त्यांची बोटं तशीच होती, काहीतरी चिमटीत धरल्यासारखी. काकूचा फोन आला, तो मी त्यांच्या कानाला लावला.

"दिला," ते म्हणाले. "अगं, खरंच दिला."