तोफेनं नेलेले कान

दौंडच्या माझ्या दवाखान्यात मांडवगण फराट्याचे ते आबा पहिल्यांदा आले, तेव्हा कंपाउंडर पुकारत राहिला आणि ते बाकावरच बसून राहिले. शेजारच्या बाईनं खांद्याला हात लावला तेव्हा ताडकन उठले. तोफखान्यातून निवृत्त झालेले हवालदार. सैन्यातून सुटताना कान अधू असल्याची नोंद झाली होती, पण 'सेवेशी संबंध नाही' असा शेरा मारून अपंगत्वाची पेन्शन नाकारली होती. शिरूरच्या एका माजी सैनिकानं त्यांना अपील लिहून दिलं होतं. त्याला जोडायला कानाच्या डॉक्टरचं लेखी मत हवं होतं.

मी जुने कागद वाचले. भरतीच्या वेळी दोन्ही कान ठणठणीत. पुढं सगळी नोकरी तोफेजवळ. बंद खोलीत बसवून तपासणी केली, तर आलेखाची रेघ सगळीकडंच खाली, आणि उंच आवाजांपाशी पार कोसळलेली. सतत स्फोट ऐकलेले कान असेच जातात. ते माझ्या ओठांकडं बघत होते. मी मोठ्यानं सांगितलं, "आबा, पत्र देते."

ते उठले नाहीत. "आजून एक लिवाल का, मॅडम?"

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या थोरल्या भावाला उसात घोणस डसली होती. "मी जवळच पाणी धरत व्हतो. त्यानं लई हाका मारल्या. रस्त्यावरल्या मानसाला ऐकू गेल्या, मला न्हाई. तो मानूस येऊस्तवर उशीर झाला. वैनी तवापासनं बोलत न्हाईत माझ्याशी. मला ऐकू आलंच नसतं, आसं लिवा की."

बाहेरच्या लोकांना ऐकू जाईल असं ओरडून यावर काय बोलणार? मी दार लावलं आणि कागदावर लिहून दाखवलं: त्या दिवसाचं मला लिहिता येणार नाही. कान कसे आहेत आणि कशानं गेले, एवढंच पत्रात येईल. वहिनींना घेऊन या.

त्या येतील असं मला वाटलं नव्हतं. पण पत्र न्यायला आबा आले, तेव्हा मागं डोक्यावर पदर घेतलेल्या वहिनी होत्या. त्यांच्या लेकीनं आग्रह केला म्हणून आलेल्या. मी आलेख समजावून सांगितला. त्या म्हणाल्या, "कागद काय, कसाबी काढत्यात."

मग मी आबांना खिडकीकडं तोंड करून बसवलं आणि वहिनींना म्हटलं, "तुम्हीच मागून हाक मारा."

त्या आबांच्या पाठीमागं जाऊन उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "भावजी." आबा रस्त्यावरच्या रिक्षा बघत होते. वहिनींनी पुन्हा हाक मारली, मोठ्यानं. शेवटची हाक इतकी जोरात होती, की कंपाउंडर दार उघडून आत डोकावला. आबांची मान हलली नाही.

वहिनी खुर्चीत बसल्या. "आमच्या मालकांनी बी आशीच मारली आसंल," एवढंच म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला.

आबांनीच वळून विचारलं, "वैनी काय बोलल्या का?"

वहिनींनी डोळे पुसले, उठून त्यांच्या समोर गेल्या आणि ओठ दिसतील असं सावकाश म्हणाल्या, "चला भावजी. च्या घिऊ, मग जाऊ."

पत्रात मी लिहिलं, की हा बहिरेपणा तोफांच्या आवाजामुळं आल्याची शक्यताच जास्त आहे, आणि खाली कारणं दिली. अपील रेंगाळलं. पुण्याला पुन्हा तपासणी झाली. अखेर सेवेशी संबंध मान्य झाला आणि पेन्शन सुरू झाली.

ते सांगायला आबा आले, तेव्हा दोन्ही कानांत यंत्रं होती. "आता पाखरं बी ऐकू येत्यात," ते म्हणाले. "पन उसाकडं जाताना काढून ठिवतो. तितं भावाची हाक येतीय आसं वाटतं."

मी वहिनी बोलतात का, एवढं विचारलं.

"बोलत्यात की. त्या दिवसाचं मातर न्हाई."

मग यंत्राचे सेल दौंडात कुठं मिळतात ते त्यांनी विचारून घेतलं आणि ते एसटी स्टँडकडं गेले.