छापून आलेला सभात्याग

माझे काका आधी संपादक होते, मग नगरपालिकेचे सभासद झाले, आणि दोन्ही कारभार एकत्र हाकायला गेले तिथे घोळ झाला.

त्यांचं साप्ताहिक घरातच छापलं जाई. पुढच्या खोलीत यंत्र, मागच्या खोलीत आम्ही, शाईचे डाग दोन्हीकडे. गोऱ्या साहेबाच्या अमलात नगरपालिकेची सभा दुपारी भरे आणि अंकही त्याच दुपारी बाजारात जाई. म्हणून काका सभेची बातमी सकाळीच लिहून मोकळे होत. साहेब दरवेळी नाहीच म्हणायचा, त्यामुळे कधी अडलं नाही. निवडून आल्यावरही ही खोड गेली नाही.

निवडणुकीत काकूने एकच मागणं मागितलं होतं : गल्लीत नळ. विहीर टेकडीखाली होती आणि पाणी वाहून वाहून तिची कंबर कामातून गेली होती. नळाचा ठराव यायचा त्या सकाळी काकांनी झोकात लिहिलं, ‘साहेबांनी ठराव धुडकावला! आमच्या सभासदांचा बाणेदार सभात्याग!’

सभेत साहेब म्हणाला, “माझी हरकत नाही. मतं घ्या.”

काकांनी खिडकीकडे पाहिलं. खिडकीखाली अंक विकणारा बेंबीच्या देठापासून ओरडत होता, “सभात्याग! सभात्याग!” काका उठले तसे शेजारचे वकील कुजबुजले, “अहो, बसा खाली! जिंकतोय आपण.”

“छापून गेलंय हो,” काका म्हणाले आणि छत्री उचलून ताडताड बाहेर पडले. ठराव एका मताने हुकला, काकांच्याच.

बाजाराने त्यांना डोक्यावर घेतलं. घरी मात्र वकील आधीच सगळं सांगून गेले होते.

“पेपर खोटा पडू नये म्हणून उठलात?” काकूने विचारलं.

“पेपरची अब्रू असते गं.”

“आणि माझी कंबर?”

काकांनी मान खाली घातली. हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

“मग पुढच्या अंकात माझी बातमी घ्या,” काकू म्हणाली. “‘नळ येईपर्यंत सभासद घरचं पाणी स्वतः भरणार.’ पहिल्या पानावर. तुमचं छापलेलं खोटं होत नाही ना?”

मला वाटलं, आता काका उसळणार. त्यांनी मुकाट्याने लिहून घेतलं आणि छापलंही.

नळ यायला वर्षं लागली. साहेब बदलले, काकांची खुर्चीही गेली, पण घागर सुटली नाही. रोज सकाळी ते धापा टाकत टेकडी चढत. लोक हसत, मीही हसे. मनातून मात्र फार आवडत मला ते त्या वेळी.

अखेर नळ आला. काकूने तोटी सोडली, पहिला पेला भरला आणि काकांच्या हातात दिला. ते पिऊन होईपर्यंत ती थांबली.

“हं,” ती म्हणाली, “आता छापा.”