निरक्षर आईचा मुलगा

माझा धाकटा भाऊ इंग्लंडच्या संसदेत बसतो. नांदेडला मी ज्या शाळेत शिकवते तिथं हे मी कधी सांगितलं नव्हतं, पण पेपरात त्याचा फोटो आला आणि स्टाफरूमनं माझ्याकडून पेढे वसूल केले. पेढे मीच आणले, मीच वाटले, पण एकही माझ्या घशाखाली उतरला नाही. का, ते आज सांगून टाकते.

आम्ही निलंग्याचे. वडिलांची मोंढ्यात आडत होती, तूर-सोयाबीनचा बऱ्यापैकी व्यवहार. आई गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. सगळी नोकरी तिनं त्याच शाळेत केली आणि मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. भावाला एबीसीडी तिनंच शिकवली, पाढे तिनंच घोकून घेतले, रोज संध्याकाळी समोर बसवून पेपर मोठ्यानं वाचायला लावला. धंदा मात्र तो वडिलांकडे शिकला. शाळा सुटली की आडतीच्या गादीवर जाऊन बसायचा आणि कोणतं गिऱ्हाईक कशाला भुलतं ते बघायचा. "ह्ये पोरगं माती बी विकंल," वडील कौतुकानं म्हणायचे.

शिकायला म्हणून तिकडे गेला आणि तिकडचाच झाला. आधी कुणाच्या तरी गोदामात नोकरी, मग स्वतःचा पापड-चटण्यांचा कारखाना. पाकिटावर चुलीपुढं बसलेल्या नऊवारीतल्या बाईचं चित्र, आणि खाली 'माझ्या आईच्या हातची चव' अशा अर्थाचं इंग्रजी. आमच्या आईनं जन्मात पापड लाटला नाही. तिला वेळ कुठं होता? आमचे पापड बचत गटाच्या बायकांकडून यायचे. तिनं ते पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "ही कोण आणली माझी सवत?" म्हणाली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तेव्हा आम्ही सगळेच हसलो.

कारखाना चालला तशी त्याला तिथल्या व्यापाऱ्यांच्या संघटनेत खुर्ची मिळाली. मग तो नगरपालिकेत निवडून आला आणि पुढं खासदारकीला उभा राहिला. पहिल्यांदा आपटला. कर, रस्ते, छोटे कारखाने यांवर बोलत राहिला आणि कुणी ऐकून घेतलं नाही. "ताई, लोकांना हिशोब नको असतोय, गोष्ट लागते," तो मला फोनवर म्हणाला. पुढच्या खेपेला त्याच्याकडे गोष्ट होती. पाकिटावरची बाई उठून त्याच्या भाषणात येऊन बसली. आई अडाणी, अंगठेबहाद्दर, पापड लाटलाटून पोराला विलायतेला पाठवणारी. वडिलांची आडत त्यात नव्हती, आईची शाळाही नव्हती. तो निवडून आला.

ते भाषण मी निलंग्याला जाऊन आईला मोबाईलवर दाखवलं. तिला शब्द न् शब्द कळत होता. मला वाटलं, आता भडकेल. तिनं ते पुन्हा एकदा लावायला सांगितलं. "उच्चार चांगले झालेत त्याचे," एवढंच म्हणाली आणि मेथी निवडायला बसली. मी भावाला फोन करून वाट्टेल ते बोलले. "हितं कोण येतंय विचारायला? आणि त्यात आईचं काय कमी झालं?" तो म्हणाला. मला त्याची किळस आली. सख्ख्या भावाबद्दल असं लिहू नये, पण आली.

मग लातूरच्या एका शिक्षणसंस्थेनं त्याचा सत्कार ठेवला. 'माझ्या आईला जे मिळालं नाही ते या मुलींना मिळावं' असं म्हणून त्यानं त्यांच्या वाचनालयाला देणगी दिली होती. निलंगेकरांचा सत्कार मात्र वेळ नाही म्हणून टाळला. तिथं घराघरात आईचे विद्यार्थी. लातूरला निघायच्या सकाळी आईनं सवयीनं चष्मा लावला, पर्समध्ये पेन ठेवलं. तो तिच्याजवळ बसला, तिचा हात हातात घेतला.

"आई, चष्मा आणि पेन राहू दे आज. तिकडचे कॅमेरेवाले आलेत. हे फुटलं तर मी संपलो बघ."

"आई, तू जायचंच नाहीस!" मी ओरडले. आईनं चष्मा काढला, डबीत घातला आणि डबी माझ्या हातात दिली.

मंचावर शाल झाली, नारळ झाला. त्यानं भरसभेत आईच्या पायांवर डोकं ठेवलं. बायकांनी पदरानं डोळे पुसले. सूत्रसंचालकानं आईला दोन शब्द बोलायची विनंती केली, तिनं नुसते हात जोडले. पुढच्या रांगेत बसून मी ती डबी मुठीत आवळत होते. उठावं आणि माईक हिसकावून घ्यावा, असं शंभरदा वाटलं. चष्म्याशिवाय आईला मी दिसत नसणार, तरी ती माझ्याच दिशेला बघून मान हलवत होती.

कार्यक्रम संपला. आम्ही पायऱ्या उतरत होतो तेवढ्यात पन्नाशीची एक बाई गर्दीतून वाट काढत आली आणि आईच्या पाया पडली.

"बाई, वळखलं का? पाचवीला तुम्ही होता आम्हाला. मी बी मास्तरीण झाले, शिरूर अनंतपाळला हाय. तुमच्यामुळं झालं बघा."

कॅमेरा वळला. भावाच्या तोंडचं पाणी पळालं. गृहपाठ केलेला नसला की लहानपणी बघायचा, तसा तो आईकडे बघायला लागला.

जन्मभर पोरांना वाचतं-लिहितं करत आलेली माझी आई म्हणाली, "न्हाई गं माय. दुसरं कुणी असंल. मला कुठलं लिवता-वाचता येतंय?"

ती बाई ओशाळली. "माफ करा. आमच्या बाई हुबेहूब तुमच्यासारख्या होत्या," म्हणाली आणि बाजूला झाली.

गाडीत भाऊ पुढं बसला. "आई, वाचवलंस आज," असं मागं न वळताच म्हणाला आणि फोनवर इंग्रजीत बोलू लागला. औसा मागं पडल्यावर आईनं हात पुढं केला, मी डबी दिली. तिनं चष्मा काढला, पदरानं काचा पुसल्या आणि तो तसाच मांडीवर ठेवून बाहेर बघत बसली. बऱ्याच वेळानं माझ्याकडे झुकून हळूच म्हणाली,

"त्या पोरीचं अक्षर लई सुरेख होतं. फळ्यावरचा सुविचार मी रोज तिच्याकडूनच लिहून घ्यायचे."